तलावाची हद्द : भंडारा जिल्ह्यातील पाणी, जमीनवापर आणि हवामानबदल

१. विषयाची मांडणी

पाण्याच्या अभ्यासात जिल्ह्यांची प्रतवारी बहुधा पर्जन्यमानावरून केली जाते आणि त्या हिशेबाने भंडारा हा महाराष्ट्रातील सुस्थितीतल्या जिल्ह्यांमध्ये गणला जातो. वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस, जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा, तिला येऊन मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद व कन्हान या नद्या आणि गावोगावचे तलाव व बोड्या एवढी संपत्ती असूनही जुलैच्या मध्याला पाण्यावाचून रोवणी खोळंबावी, ऑगस्टच्या अखेरीस नदीकाठची तीच शेते पुराखाली जावीत आणि पुढच्या एप्रिलमध्ये विहिरींनी तळ गाठावा, हे तिन्ही प्रकार येथे एकाच पिकवर्षात घडू शकतात. सरासरीच्या आकड्यात यांपैकी एकही गोष्ट दिसत नाही.

अलीकडे या तिन्हींचे खापर हवामानबदलावर फोडण्याची सवय प्रशासनाला आणि काही अंशी संशोधकांनाही लागली आहे. हवामान बदलत आहे याविषयी शंका घेण्याचे कारण उरलेले नाही, परंतु आकाशातून पडलेल्या पाण्याचे पीक होणार, पूर होणार की वाफ होणार, हे ते ज्या जमिनीवर पडते तिच्या वापरावरून आणि त्या जमिनीवर कोणाचा अधिकार चालतो यावरून ठरते. भंडारा जिल्ह्यात पाऊस आणि जमीन यांची गाठ घालून देणारी व्यवस्था म्हणजे तलाव. म्हणून या जिल्ह्यातील जलसंशोधनाचे एकक सरासरी पाऊस किंवा मोठे धरण हे न धरता, पाणलोटापासून लाभक्षेत्रापर्यंतचा संपूर्ण तलाव हे धरले पाहिजे, असे प्रतिपादन या व्याख्यानात केले आहे.

२. खडक, माती आणि तलावांची गरज

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांचा बहुतांश भाग ज्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, तो खडक भंडारा जिल्ह्यात जवळजवळ संपतो आणि त्याहून कितीतरी प्राचीन असे पट्टिताश्म, म्हणजे उष्णता व दाबामुळे रूप पालटलेले पट्टेदार खडक, तसेच साकोली व सौसर या नावांनी भूशास्त्रात ओळखले जाणारे खडकसमूह सुरू होतात. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी याच सौसर समूहात आहेत. अशा कठीण खडकाला स्वतःची सच्छिद्रता फारशी नसते. पाणी साठते ते खडकाच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. हा थर पावसाळ्यात लवकर भरतो आणि उन्हाळ्यात लवकर रिकामा होतो, त्यामुळे भरपूर पाऊस पडूनही भूजलाचा मोठा व टिकाऊ साठा येथे तयार होत नाही.

याच्या जोडीला जमिनीच्या प्रतीही जागोजाग बदलतात. स्थानिक शेतकरी ज्या जातींनी माती ओळखतो, त्यांत धानाला मानवणारी पिवळसर सिहार, मिश्र स्वरूपाची मोरांड, भारी व काळी कन्हार आणि उंचवट्यावरील विरळ, मुरमाड बरडी यांचा समावेश होतो, आणि एकाच गावाच्या शिवारात यांपैकी तीन-चार प्रकार सापडतात. उंचवट्यावरील जंगल व बरडी जमिनीवरून वाहून येणारे पाणी मधल्या उतारावर अडवायचे आणि खालच्या सिहार-मोरांड जमिनीतल्या बांध्यांना द्यायचे, ही तलावाची कल्पना या भूरचनेतूनच निघालेली आहे. बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरे घालून पाणी उभे राहील असा केलेला धानाचा तुकडा. त्यामुळे पाणलोट, तलाव आणि बांधी ही एकाच यंत्रणेची तीन अंगे ठरतात, आणि त्यांपैकी एकाचा अभ्यास इतर दोघांना वगळून केला तर निष्कर्ष अपुरा राहतो.

३. तलावाची रचना आणि तिच्यामागील हिशेब

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातील, तलाव नोंदले गेले आहेत, आणि सरकारी कागदपत्रांत व बोलण्यातही त्यांना ‘मामा तलाव’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. यांपैकी पुष्कळ तलावांचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना जलव्यवस्थेत निष्णात असलेल्या या लोकांना सोबत आणले आणि जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन देण्याचा प्रघात पाडला, अशी परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ सालच्या ग्रंथात कोहळ्यांच्या काशीहून येण्याची ही कथा नोंदवलेली आहे. तिची ऐतिहासिक सत्यता कितीही असो, तिच्यात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे, ते असे की तलाव बांधणाऱ्याचा मोबदला त्या तलावाने भिजणाऱ्या जमिनीतून मिळत असे, म्हणून तलाव नादुरुस्त ठेवणे त्याला परवडणारे नव्हते.

एखाद्या जुन्या तलावाची पाहणी केली तर त्यातील हिशेब लक्षात येतो. दोन टेकड्यांच्या मधली अरुंद जागा निवडून घातलेली मातीची पाळ, पाळीतून पाणी सोडण्यासाठी केलेले तुडुम, जादा पाणी पाळीला धक्का न लावता बाहेर पडावे म्हणून एका टोकाला कठीण जमिनीवर ठेवलेली सलंग, तुडुमातून निघून बांध्यांपर्यंत जाणारे पाट आणि पाण्याच्या पाळ्या लावून देणारा पाणकर, अशी ही व्यवस्था असते. सलंगीवरून वाहणारे पाणी वाया जात नाही, कारण ते खालच्या तलावाच्या किंवा बोडीच्या पोटात जाते. बोडी म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खोदलेला लहानसा तलाव. या साखळीमुळे वरच्या गावाचा अतिरेक खालच्या गावाचा साठा होतो आणि जोराच्या पावसाचे पाणी नदीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. आजच्या जलशास्त्रात यालाच पूरशिखर बोथट करणे म्हणतात, म्हणजे नदीला येणाऱ्या पाण्याचे एकूण आकारमान फारसे न बदलता त्याची सर्वोच्च पातळी खाली आणणे.

तलावाचा उपयोग केवळ ओलितापुरता नव्हता. गुरांचे पाणी, मासेमारी, तलाव उतरू लागल्यावर पोटातील ओलाव्यावर घेतलेली गाळपेर, कमळ आणि देवधान, म्हणजे तलावाच्या कडेने आपोआप वाढणारा रानटी भात, हे सर्व गावाच्या निर्वाहाचे भाग होते. ढिवर समाजाची उपजीविका तर तलावातील माशांवर, आणि माशांची वीण तलावातील पाणवनस्पतींवर अवलंबून असल्याने, तलाव किती भरला याच्याइतकेच तो कोणत्या अवस्थेत आहे, हेही महत्त्वाचे ठरत असे.

४. १९५१ नंतर : एक तलाव, अनेक मालक

स्वातंत्र्यानंतर भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रदेश राज्यात होता, त्या राज्याने १९५० मध्ये मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले. वेठ, सारा आणि मध्यस्थ यांच्या जाचातून कुळांना सोडवणारा हा कायदा न्याय्य होता, यात वाद नाही. तथापि मालगुजारीबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि जी देखभाल गावातल्या गावात, कधी सक्तीने तर कधी परस्परहिताने होत असे, ती करणारे कोणी उरले नाही. गावच्या रूढी व हक्क नोंदवणाऱ्या वाजिब-उल-अर्ज या जमाबंदीच्या दस्तऐवजात आणि निस्तार हक्कांच्या, म्हणजे दैनंदिन गरजांसाठी सामायिक जंगल, चराई व पाणी वापरण्याच्या हक्कांच्या नोंदींत गावकऱ्यांचा तलावावरील वाटा लिहिलेला होता, परंतु त्या नोंदींमागे असलेले कर्तव्य कोणाकडे गेले, हे स्पष्ट झाले नाही.

पुढे १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर अभिलेख व जबाबदाऱ्या यांची नव्याने वाटणी होत गेली. आजची स्थिती अशी आहे की पाणलोटातील जंगल वन विभागाकडे, पोटाची जमीन महसूल विभागाकडे, पाळ व तुडुम सिंचन क्षमतेनुसार जिल्हा परिषदेकडे किंवा राज्याच्या खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आणि बांध्या खासगी मालकीच्या आहेत. शेतकऱ्याला तुडुम लवकर उघडायचे असते, मच्छीमार संस्थेला पाणी टिकवायचे असते, पोटात अतिक्रमण करून धान लावणाऱ्याला तलाव पूर्ण भरूच नये असे वाटते, आणि या तिघांना एकत्र बसवणारी अधिकृत जागा बहुतेक गावांत नाही. तलाव गाळाने भरला हे दृश्य लक्षण आहे. रोगाचे मूळ या विभागणीत आहे.

५. पावसाविषयी संशोधन काय सांगते

हवामानाच्या बाजूने पाहिले तर वैनगंगा खोऱ्यावर उपलब्ध असलेला एक उपयुक्त अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तक्षक, मुरुमकर आणि आर्य या संशोधकांनी १९०१ ते २०१२ या ११२ वर्षांतील पावसाच्या चौकटवार, म्हणजे खोऱ्याचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकासाठी तयार केलेल्या, आकडेवारीचे परीक्षण केले. त्यांनी वापरलेल्या कसोट्यांपैकी मान-केंडॉल कसोटीत मालिकेतील प्रत्येक वर्षाची त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी तुलना करून वाढीचे प्रसंग जास्त आहेत की घटीचे, हे मोजले जाते, तर पेटिट कसोटीत मालिकेचा कल कोणत्या वर्षी पालटला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, हे शोधले जाते. या अभ्यासात संपूर्ण काळात वार्षिक पावसात ८.४५ टक्के घट आढळली, कल पालटण्याचे वर्ष १९४८ निघाले, आणि त्याआधी वाढत असलेला पाऊस त्यानंतर घटत गेल्याचे दिसले. मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम म्हणता येईल अशी घट केवळ सात चौकटींत होती, हेही त्याच अभ्यासाने नमूद केले आहे. म्हणून ‘पाऊस कमी झाला’ असे सरसकट विधान संपूर्ण खोऱ्याबद्दल करणे धाडसाचे ठरेल.

दुसरा धागा मुसळधार पावसाचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम त्यामागे आहे, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांतील वाढते चढउतार हे त्याचे दुसरे कारण दाखवले गेले आहे.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर जिल्ह्यापुढील प्रश्नाचे नेमके रूप कळते. एकूण पाऊस किंचित कमी किंवा तेवढाच राहून तो कमी दिवसांत पडत असेल, तर दोन पावसांमधील उघडीप लांबते आणि पडणाऱ्या प्रत्येक पावसातील वाहून जाणारा वाटा वाढतो. रोवणीसाठी शेतकऱ्याला चिखलणी होण्याएवढे पाणी ठरावीक पंधरवड्यात लागते. खारीत (रोपवाटिकेत) टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, तीन-चार आठवड्यांची झाली की ती बांधीत गेली पाहिजेत, कारण रोवणी लांबली तर रोपांचे वय वाढून फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. पाऊस ऑगस्टमध्ये कितीही पडला तरी हे नुकसान भरून निघत नाही. वार्षिक बेरजेत हा पंधरवडा अदृश्य असतो, आणि तो तारून नेण्याचे काम पूर्वी तलावच करीत असे.

६. जमीनवापर : जो घटक मोजला जात नाही

पडलेल्या पावसापैकी जमिनीवरून वाहून जाणाऱ्या भागाला अपधाव म्हणतात. तो ठरवणाऱ्या घटकांत पावसाची तीव्रता हा एक घटक आहे. मातीचा प्रकार, तिच्यावरील आच्छादन, उतार आणि वाटेतील अडवणुकी हे उरलेले. नदीखोऱ्यांच्या अभ्यासासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रतिमानांत खोऱ्याचे सारखी माती, सारखा उतार आणि सारखा जमीनवापर असलेले लहान तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यावरील पाऊस, बाष्पीभवन, झिरपा आणि अपधाव यांचा ताळा मांडतात आणि शेवटी नदीच्या मापनकेंद्रावर प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी तो पडताळून पाहतात. प्रवाहातील बदलात हवामानाचा वाटा किती आणि जमीनवापराचा किती, हे वेगळे काढायचे असेल तर एकदा जुना जमीनवापर व नवा पाऊस, आणि एकदा जुना पाऊस व नवा जमीनवापर, असे प्रतिमान दोनदा चालवावे लागते.

भंडारा जिल्ह्यासाठी या पद्धतीत एक मोठी त्रुटी राहते. उपग्रहाच्या चित्रातून जंगल, शेती, वस्ती व पाणी असे वर्ग पाडले जातात, पण सप्टेंबरमधील धानाची बांधी आणि उथळ तलाव हे दोन्ही चित्रात पाण्यासारखेच दिसू शकतात, आणि दोन-तीन एकरांची बोडी तर अनेकदा नोंदलीही जात नाही. परिणामी ज्या साठ्यांनी शतकानुशतके या खोऱ्याचा प्रवाह घडवला, ते प्रतिमानात येतच नाहीत, आणि त्यांच्या ऱ्हासाने झालेला फरक शेवटी हवामानाच्या खात्यावर टाकला जातो. तलावाची सलंग उंच करून जास्त पाणी साठवणे, पोटातील अतिक्रमण बुडू नये म्हणून तीच सलंग फोडून ठेवणे, पाणलोटातील रस्त्याच्या भरावाने ओहोळाची दिशा बदलणे, बोडी बुजवून तिची बांधी करणे, यांतील एकेक कृती किरकोळ वाटते. परंतु साखळीतील डझनभर तलावांवर त्या झाल्या की खालच्या गावाला येणारे पाणी आणि त्याची वेळ दोन्ही बदलतात.

केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातील जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली आणि तीत २४ लाखांहून अधिक जलसाठे नोंदले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ती मोजणी साठ्याची आहे, पाणलोटाची नाही. तलावाची हद्द पाण्याच्या काठावर संपते असे मानले की तलाव ‘अतिक्रमणमुक्त’ दाखवता येतो, मग त्याला पाणी आणणारा उतार नांगरला गेला असला तरी चालते.

तलावाच्या आतील जमीनवापरही तितकाच दुर्लक्षित आहे. उत्पादनवाढीसाठी रोहू, कतला व मृगळ यांचे बीज बाहेरून आणून सोडण्याचा प्रघात पडला, बेशरमाच्या झुडपांनी कडा व्यापल्या, आणि मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या स्थानिक माशांना अंडी घालण्यासाठी लागणाऱ्या पाणवनस्पती मागे पडल्या. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांबरोबर केलेले काम या संदर्भात लक्षणीय आहे. त्यांनी बेशरम उपटून, कोरड्या पोटाची मशागत करून, दुसऱ्या तलावांतून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक माशांना पुन्हा जागा करून दिली. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा वाढतो, हे ज्ञान ढिवरांकडे पिढ्यानपिढ्या होते; ते नोंदवून व तपासून पाहिल्यामुळे त्याला संशोधनाचे स्थान मिळाले.

७. वैनगंगा, गोसेखुर्द आणि ‘शिल्लक’ पाण्याचा हिशेब

तलावांची उपेक्षा होत असतानाच जिल्ह्याच्या पाण्याचा केंद्रबिंदू नदीवर सरकला. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथील इंदिरा सागर प्रकल्पाला १९८३ मध्ये सुमारे ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली, २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टरांचे ओलित हे त्याचे उद्दिष्ट. खर्च मात्र अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. पुनर्वसनाचा प्रश्न या व्याख्यानाच्या कक्षेबाहेरचा असला तरी, बुडालेल्या गावांबरोबर त्यांचे तलाव, गाळपेरीच्या जमिनी आणि नदीकाठच्या वाड्याही गेल्या, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे, आणि भंडारा शहराजवळ कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळीही २४५.५० मीटरच मानली जाते. जलाशयाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे ओलितासाठी जलाशय भरून ठेवण्याची गरज आणि पुरासाठी तो रिकामा ठेवण्याची गरज यांतील ओढाताण याच एका आकड्यात सामावलेली आहे. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मध्यप्रदेशातील मुसळधार पावसानंतर सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहरासह गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीतील नदीकाठ पाण्याखाली गेला. पाऊस एका राज्यात, धरण दुसऱ्या राज्यात आणि बुडणारी वस्ती त्या दोहोंच्या मध्ये, अशा खोऱ्यात पुराची पूर्वसूचना ही हवामानाच्या अंदाजाइतकीच दोन राज्यांच्या यंत्रणांमधील माहितीच्या देवाणघेवाणीवर अवलंबून असते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येते, ही बाब शहराचा जमीनवापर दूरच्या जलाशयाला कसा भोवतो, याचा पुरावा आहे.

गोसेखुर्दमधून पश्चिम विदर्भातील नळगंगेपर्यंत पाणी नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा आणि ८७ हजार कोटींहून अधिक खर्च असा त्याचा आवाका आहे. अमरावती विभागातील शेतकऱ्याला पाण्याची गरज आहे, हे नाकारता येत नाही. शास्त्रीय प्रश्न वेगळा आहे. एखाद्या खोऱ्यात पाणी शिल्लक आहे की नाही, हे ठरवताना ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे किमान एवढे पाणी मिळेलच असा आकडा, जुन्या नोंदींवरून काढला जातो, आणि त्यामागे भविष्यकाळ भूतकाळासारखाच असेल, हे स्थिरतेचे गृहीतक असते. ज्या खोऱ्यात १९४८ नंतर कल पालटल्याचे दिसते, अतिवृष्टीचा वाटा वाढत आहे आणि वरच्या बाजूचे साठे बदलत आहेत, तेथे हे गृहीतक तपासल्याशिवाय शिल्लक जाहीर करणे शास्त्राला धरून नाही. पुराच्या आठवड्यात वाहून जाणारे पाणी आणि कालव्याला वर्षभर पुरवता येणारे पाणी यांची बेरीज एकाच रकान्यात करता येत नाही.

८. धानाचे पाणी आणि धानाचा वायू

धान हे भंडाऱ्याचे मुख्य पीक असल्याने जमीनवापराचा विचार धानापर्यंत आल्याशिवाय पुरा होत नाही. एक किलो तांदळामागे शेतात सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. जमीन, हंगाम व पद्धती यांनुसार तो बराच कमी-अधिक होतो. खरिपातील धान पावसाचे पाणी बांधीत अडवून भूजल भरण्यासही हातभार लावते, परंतु कालवे व पंप यांच्या जोरावर वाढलेले उन्हाळी धान जिल्ह्यातील सर्वाधिक बाष्पीभवनाच्या महिन्यांत उभे असते आणि त्याचा भार नेमका विहिरी खाली जाण्याच्या वेळी पडतो. पूर्वी धान कापणीला येताना त्याच ओलाव्यात लाखोळी किंवा जवस फेकून उतेऱ्याचे दुसरे पीक घेतले जाई, ज्याला वेगळे पाणी लागत नसे. या पद्धतीचे पाण्याच्या दृष्टीने मूल्यमापन नव्याने होण्याची गरज आहे.

सतत पाणी उभे असलेल्या बांधीत मातीला प्राणवायू मिळत नाही आणि त्या अवस्थेत वाढणारे सूक्ष्मजीव मिथेन वायू सोडतात, ज्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. बांधी आळीपाळीने भरणे व सुकू देणे या पद्धतीने पाणी व मिथेन दोन्ही वाचतात. परंतु पुढचे पाणी हमखास मिळेल असा भरवसा असल्याखेरीज कोणताही शेतकरी भरलेली बांधी सुकू देणार नाही, आणि तो भरवसा नियमाने चालणारा तलावच देऊ शकतो. त्याचप्रमाणे हलके, मध्यम आणि भारी धान, म्हणजे लवकर, मध्यम व उशिरा तयार होणारे वाण, यांची तलावाच्या साठ्यानुसार निवड करणे हा जुना शहाणपणा साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रासारख्या संस्थांच्या नव्या वाणांशी जोडता येण्यासारखा आहे. चिन्नोरसारखा सुवासिक व उशिरा पिकणारा तांदूळ टिकवायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये त्याला एक पाणी कोठून मिळणार, याचे उत्तर आधी हवे.

९. संशोधनाची दिशा

या विवेचनातून काही कामे निश्चित करता येतात. पहिले काम अभिलेखांचे आहे : वाजिब-उल-अर्ज, निस्तार नोंदी, जुने गावनकाशे आणि आजची उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवून प्रत्येक तलावाचा पाणलोट, पोट, सलंग, पाट व लाभक्षेत्र दाखवणारा नकाशा तयार करणे. दुसरे काम मोजमापाचे : तलावात पातळी दाखवणारी पट्टी आणि गावात पर्जन्यमापक बसवून त्यांच्या रोजच्या नोंदी मच्छीमार संस्थेने किंवा शाळेने ठेवणे, कारण ज्या प्रतिमानांवर शेकडो कोटींचे निर्णय होतात त्यांना पडताळणीसाठी हीच माहिती मिळत नाही. तिसरे, तलावांची साखळी धरून आणि ती वगळून असे दोन्ही प्रकारे वैनगंगा खोऱ्याचे प्रतिमान चालवून पूरशिखरातील फरक जाहीर करणे. चौथे, संजय सरोवर ते गोसेखुर्द या मार्गावरील आवक-विसर्गाची माहिती दोन्ही राज्यांतील नागरिकांना एकाच वेळी खुली ठेवणे.

गाळ काढण्याच्या योजनांना या चौकटीत स्थान आहे, परंतु पाणलोटातील धूप चालू ठेवून काढलेला गाळ काही वर्षांत परत येतो, आणि तळ बेसुमार खरवडला तर पाणी धरणारा चिकण थर व पाणवनस्पतींची मुळे दोन्ही जातात. किती गाळ काढावा, कोठला काढावा आणि तो कोणाच्या शेतात जावा, हे ठेकेदाराच्या देयकावरून न ठरता तलावाच्या नकाशावरून ठरले पाहिजे.

भंडारा जिल्ह्यातील पावसावर जिल्ह्याचे नियंत्रण नाही आणि जगाच्या तापमानवाढीत त्याचा वाटाही नगण्य आहे. त्याच्या हाती आहे ती जमीन. म्हणून प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावच्या वाजिब-उल-अर्जची प्रत तहसील कार्यालयातून मागवून घ्यावी, तलावाच्या पाण्याबरोबरच त्याच्या पाणलोटाची हद्दही ठराव करून अभिलेखात नोंदवून घ्यावी, आणि शेतकरी, ढिवर व पोटातील जमीन कसणारे यांची एक समिती नेमून तुडुम कधी उघडायचे याचा निर्णय तिच्यावर सोपवावा. विद्यापीठांनी व संशोधन संस्थांनी आपले प्रतिमान या समितीसमोर मांडून तपासून घ्यावे. पुढच्या रोवणीपूर्वी जिल्ह्यातील काही गावांनी एवढे केले, तरी या विषयावरील संशोधनाला आज नसलेला पाया मिळेल.